वॉर्डातला एव्हिडन्स-बेस्ड नर्सिंग प्रोजेक्ट: सिस्टर-ब्रदर सारखे विचारतात ते प्रश्न

वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, इनचार्ज आणि पोस्ट बेसिक किंवा एमएस्सीला असलेली मुलं-मुली यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये नंबर दिलेत, तिथे जाऊन बघा. माझं एक ठाम मत सगळीकडे दिसेल ते आधीच सांगते, स्टाफला दमवून पेशंटची केअर सुधारत नाही, त्यामुळे "पेशंटसाठीचा प्रोजेक्ट" आणि "स्टाफसाठीचा प्रोजेक्ट" असे दोन कप्पे मी करत नाही.

१. एव्हिडन्स-बेस्ड प्रोजेक्ट म्हणजे रिसर्चच ना?

नाही. रिसर्चमध्ये आपण नवीन गोष्ट शोधतो, इथे जे आधीच कुणीतरी नीट अभ्यास करून दाखवलंय ते आपल्या वॉर्डात आणतो आणि खरंच होतंय का ते मोजतो. हँडरबने (हातावर चोळायच्या सॅनिटायझरने) २० ते ३० सेकंद हात चोळले की पुरतं, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात, हे डब्ल्यूएचओने कधीचं सांगितलंय, ते परत सिद्ध करायची गरज नाही. आपला प्रश्न वेगळा असतो, की आपल्या वॉर्डात लांबच्या बेडवर गेल्यावर कुणीच हात का घासत नाही, आणि उत्तर बऱ्याचदा इतकं साधं निघतं की बाटली नर्सिंग स्टेशनवर असते, बेडपाशी नसते. अभ्यासातला पुरावा, आपला अनुभव आणि समोरच्या पेशंटची परिस्थिती, या तिन्हीचा मेळ घातला की झाला एव्हिडन्स-बेस्ड. नुसता पेपर छापून फाइलला लावला तर नाही.

२. विषय कसा निवडू? मॅडम म्हणतात काहीतरी नवीन आणा.

नवीन नको, टोचणारं आणा. ओव्हर (शिफ्ट बदलताना आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती) घेताना कशाबद्दल सगळे कुरकुरतात ते आठवडाभर ऐका, इन्सिडंट रजिस्टर चाळा, मामा आणि मावशींना (वॉर्डबॉय आणि आया) विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. मग त्यातून असा विषय घ्या जो नर्सिंगच्या हातात आहे (औषध खरेदी किंवा ऑपरेशनची वेटिंग लिस्ट आपल्या हातात नाही), जो महिन्याभरात मोजता येतो, आणि ज्याचा त्रास पेशंट आणि स्टाफ दोघांनाही होतोय. बेडसोअर (एकाच जागी पडून राहून होणारी जखम), कॅन्युलाच्या (सलाइनसाठी शिरेत घातलेली छोटी नळी) जागेची सूज, पेशंट पडणं, कॅथेटर (लघवीची नळी) विनाकारण जास्त दिवस राहणं, ओव्हरमध्ये माहिती सुटणं, हे सगळे चांगले विषय आहेत आणि जुने आहेत म्हणून कमी दर्जाचे होत नाहीत. "पेशंटचं समाधान वाढवणे" असला विषय मात्र घेऊ नका, त्याला हात घालायला जागाच सापडत नाही.

३. पिको म्हणजे काय, आणि ते खरंच लागतं का?

लागतं, कारण त्याशिवाय शोधताना भरकटायला होतं. पेशंट कोण, काय करणार, कशाशी तुलना, आणि काय बदलायला हवं, एवढे चार भाग. उदाहरण: ऑर्थोच्या वॉर्डात ट्रॅक्शनवर (पायाला वजन लावून ताणून ठेवलेले) असलेले पेशंट, टाचा उशीवर अधांतरी ठेवणं, नेहमीच्या पद्धतीशी तुलना, टाचेचा बेडसोअर होतो का. बस. एका ओळीत मावला नाही तर विषय अजून मोठा आहे असं समजा.

४. पेपर कुठे शोधायचे? सगळं इंग्रजीत असतं आणि पैसे मागतात.

पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट) सारांश फुकट दिसतात, पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर फुकट असतात, डब्ल्यूएचओच्या गाइडलाइन्स फुकट आहेत आणि कॉक्रेनचे (सगळे अभ्यास तपासून एकत्र निष्कर्ष काढणारी संस्था) साध्या भाषेतले सारांशही फुकट वाचता येतात. आधी गाइडलाइन बघा, मग सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा), आणि एकेकटा पेपर सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर एकाच कॉलेजमधला तीस-चाळीस पेशंटचा प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट (फक्त आधी आणि नंतर मोजलेला) अभ्यास वाचून आपण वॉर्ड बदलायला निघतो. इंग्रजीचं म्हणाल तर पूर्ण पेपर वाचू नका, पेशंट कोण होते, काय केलं, किती फरक पडला एवढं तीन जणींनी मिळून शोधा आणि मराठीत एका पानावर लिहून वॉर्डात लावा. ते पान लिहिताना आपल्यालाच विषय कळतो.

५. बेडसोअरचा प्रोजेक्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा करायचा ते सांगा.

हा मी जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि यात आपली परंपराही आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टरांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्याच सहकारी नर्स अरुणा शानबाग यांना १९७३ ते २०१५ सांभाळलं, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालात डॉक्टरांच्या अहवालाची नोंद आहे की इतकी वर्षं बेडवर असून त्यांना एकही बेडसोअर झालेला नाही. महागड्या मशीनने नाही झालं ते, रोजच्या हातांनी झालं.

पहिली पायरी, पेशंट अॅडमिट झाला की त्वचा बघा आणि ब्रेडन स्केल (बेडसोअरचा धोका मोजायचा तक्ता) भरा. संवेदना, ओलावा, हालचाल, चालणं-फिरणं, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टी, एकूण ६ ते २३ मार्क, १८ किंवा खाली म्हणजे धोका. अॅडमिट होतानाच सोअर असेल तर तेव्हाच लिहा, नाहीतर तो आपल्या खात्यात जातो. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर पहिल्या स्टेजचा (त्वचा अजून फुटलेली नसते, चौथी स्टेज सगळ्यात खोल) लालसरपणा दिसतच नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा, बोटाने दाबून ती जागा आजूबाजूपेक्षा कडक किंवा मऊ लागतेय का बघा, पेशंटला तिथे दुखतंय का विचारा.

दुसरी पायरी जास्त महत्त्वाची, काय बंद करायचं. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची सवय आपल्याला शिकतानाच लागलेली असते, पण हाड वर आलेल्या जागी जोरात चोळलं तर आतल्या पेशींना इजा होते आणि स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, गाइडलाइन्स स्पष्ट सांगतात की करू नका. ग्लोव्हजमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवणं, तेही बंद. गोल एअर रिंग, तीही बंद, कारण तिच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. टाचेसाठी पोटरीखाली लांब उशी आणि टाच अधांतरी, एवढं पुरतं. त्वचा स्वच्छ, कोरडी ठेवून साधं मॉइश्चरायझर.

तिसरी पायरी, पाठ चोळायचा जो वेळ वाचला तो कूस बदलायला द्या. ३० अंश तिरकं, पूर्ण ९० अंशाच्या कुशीवर नको कारण सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. ओढायचं नाही, ड्रॉ शीटने (पेशंटखाली घातलेली आडवी चादर) दोघांनी उचलायचं, इथे पेशंटची त्वचा वाचते आणि आपली कंबरही वाचते. कूस बदलल्याची नोंद टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवरच एका रकान्यात करा, वेगळा कागद काढला की तो तिसऱ्या दिवशी कोरा राहतो.

मोजायचं कसं ते ७ नंबरला.

६. हे सगळं परदेशातलं आहे. आमच्याकडे नाईटला एक सिस्टर आणि चाळीस पेशंट, आम्हाला लागू होतं का?

काही होतं, काही नाही, आणि ते तपासणं हाच प्रोजेक्टचा अर्धा भाग आहे. उदाहरण घ्या, २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या नर्सिंग होममधला एक मोठा अभ्यास आला, त्यात दर २, ३ किंवा ४ तासांनी कूस बदलली तरी बेडसोअरच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हे वाचून बऱ्याच जणी खूश होतात. पण त्या सगळ्या पेशंटना हाय डेन्सिटी फोमची गादी होती. आपल्याकडे रेक्झिनचं कव्हर घातलेली, मध्ये खड्डा पडलेली गादी असते, तिच्यावर ४ तास चालतील असं त्या अभ्यासात कुठेच म्हटलेलं नाही. उलट त्यातून दुसरी मागणी निघते की गाद्या बदलून द्या, आणि ती मागणी आता तुम्ही पुराव्यासह करू शकता.

स्टाफच्या आकड्याबद्दल पण पुरावा आहे आणि तो वापरायला लाजू नका. २००२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सर्जरीच्या पेशंटमध्ये एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आणि नर्सच्या बर्नआउटची (कामाने पार थकून जाण्याची) २३ टक्क्यांनी जास्त दिसली. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलला १:३ (एका नर्समागे तीन पेशंट) आणि जनरलला १:५ आहे, शिवाय रजेवरच्यांच्या जागी ३० टक्के जास्तीचा स्टाफ (लीव्ह रिझर्व्ह). प्रत्यक्षात काय आहे ते सगळ्यांना माहितीये. तुमच्या प्रोजेक्टच्या अहवालात त्या महिन्यात प्रत्येक शिफ्टला किती स्टाफ आणि किती पेशंट होते हा तक्ता टाकाच. त्याशिवाय बेडसोअरचा आकडा अर्धवट आहे आणि सगळा दोष त्या नाईटवाल्या सिस्टरवर येतो.

७. मोजायचं कसं? "महिन्यात ६ बेडसोअर" असं लिहिलं तर चालेल?

नाही, कारण गर्दीच्या महिन्यात सगळंच जास्त होतं. पेशंट-डे काढा, म्हणजे रोजच्या पेशंटच्या आकड्यांची महिन्याची बेरीज. समजा ३० बेडच्या वॉर्डात फ्लोअर बेड (जमिनीवरच्या गाद्या) धरून रोज सरासरी ४० पेशंट होते, ३० दिवसांचे झाले १२०० पेशंट-डे. ६ नवीन सोअर झाले तर ६ भागिले १२०० गुणिले १०००, म्हणजे दर हजार पेशंट-डेला ५. आता पावसाळा आणि उन्हाळा यांची तुलना करता येते. कॅथेटर किंवा सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेली नळी) इन्फेक्शन मोजताना पेशंट-डे नाही, डिव्हाइस-डे घ्यायचे, म्हणजे रोज ठरलेल्या वेळी कितीजणांना कॅथेटर आहे ते मोजून बेरीज.

याच्या जोडीला एक आकडा असा ठेवा की केलं का, उदाहरणार्थ ज्यांना धोका होता त्यांपैकी कितीजणांची कूस आज खरंच बदलली. निकाल सुधारला नाही तर हा आकडा सांगतो की उपाय चुकीचा होता की उपाय झालाच नाही. आणि दर महिन्याचा एक ठिपका आलेखावर, आधीचे तीन-चार महिने आणि नंतरचे. फक्त "आधी" आणि "नंतर" असे दोन ठिपके असतील तर त्यावरून काहीही सिद्ध करता येतं.

८. प्रोजेक्ट सुरू केला आणि आकडे वाढलेच! मेट्रन विचारतायत.

बहुतेक वेळा तुम्ही बघायला लागलात म्हणून वाढलेत. आधी पहिल्या स्टेजचे कुणी लिहीतच नव्हतं. म्हणूनच काहीही बदल न करता आधी नुसतं मोजायचा काळ ठेवावा लागतो, निदान महिनाभर. आता वेळ गेली असेल तर स्टेजप्रमाणे वेगळे करा. पहिली स्टेज वाढली आणि तिसरी-चौथी कमी झाली असेल तर ते चांगलं लक्षण आहे, लवकर पकडताय. तिसरी-चौथीच वाढली असेल तर मात्र थांबून खरंच शोधा, नवीन प्रकारचे पेशंट आलेत का, गाद्या कुठल्या, स्टाफ कमी झाला का.

९. आकडे लिहिले की मेमो मिळतो. मग कोण खरं लिहील?

कोणीच नाही, आणि पुढच्या महिन्यात रजिस्टर कोरं आणि वॉर्ड आदर्श. ही माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण आहे, पैशापेक्षाही. सुरुवातीच्या मीटिंगलाच इनचार्ज आणि मेट्रन मॅडमकडून लेखी घ्या की प्रोजेक्टच्या आकड्यांवर कारवाई होणार नाही. फॉर्मवर "कोणाच्या ड्युटीत" हा रकाना ठेवूच नका, त्याऐवजी वेळ, बेड, गादी, त्या वेळी वॉर्डात किती पेशंट आणि किती स्टाफ, हे ठेवा. पेशंटला गंभीर इजा झाली तर तिचा रिपोर्ट नेहमीच्या मार्गानेच जाणार, तो लपवायचा नाही, पण तो रस्ता वेगळा आणि हा वेगळा.

१०. कॅन्युला ७२ तासांनी बदलायचाच का? प्रत्येकजण वेगळं सांगतं.

कारण पुरावाच सरळ नाहीये. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातला क्वीन्सलंडचा मोठा अभ्यास आला, ३००० च्या वर पेशंट, ठराविक दिवशी बदलला काय किंवा गरज पडल्यावर बदलला काय, फ्लेबायटिस (शिरेची सूज) दोन्हीकडे ७ टक्केच. म्हणजे विनाकारण टोचायचं वाचलं, आपलंही काम वाचलं. पण नंतर जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्सनी असा बदल केल्यावर रक्तातलं इन्फेक्शन वाढलेलं दिसलं, ते २०२१ मध्ये छापून आलं. माझं मत असं, की गरज पडल्यावर बदलायची पद्धत तिथेच आणा जिथे प्रत्येक शिफ्टला प्रत्येक जागा खरंच डोळ्याने बघितली जाते. व्हीआयपी स्कोअर (कॅन्युलाच्या जागेची सूज बघून द्यायचे मार्क) वापरा, ० ते ५, २ आला की काढायचा. जिथे चाळीस पेशंटमागे एक जण आहे आणि जागा बघायला वेळच नाही तिथे ठरलेल्या तासांची पद्धत सोडू नका. इमर्जन्सीत घाईघाईत घातलेला कॅन्युला कुठल्याही पद्धतीत लवकर बदलायचा. आणि तुमच्या हॉस्पिटलची इन्फेक्शन कंट्रोल कमिटी काय म्हणते ते आधी, मग वॉर्डाचं.

११. व्हेंटिलेटरच्या पेशंटला क्लोरहेक्सिडीनने (जंतुनाशक औषध) तोंड साफ करा असं शिकलो, आता नको म्हणतात?

हो, बदललंय. अमेरिकेतल्या हॉस्पिटल इन्फेक्शनवाल्यांच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये न्यूमोनिया टाळायला क्लोरहेक्सिडीनने ओरल केअर करू नका असंच म्हटलंय, आणि टूथब्रशने रोज दात घासा असं सांगितलंय. डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवणं कायम आहे. जुन्या प्रोटोकॉलचा कागद भिंतीवर असेल तर त्याच्यावर कुठल्या वर्षीचा ते लिहा आणि दरवर्षी एकदा कुणीतरी परत बघायचं असं ठरवा. आधीच्या सिस्टर चुकत होत्या असं यातून होत नाही, त्यांच्या वेळी जो पुरावा होता त्याप्रमाणे त्या करत होत्या.

१२. डॉक्टर नियम पाळत नाहीत, आम्ही ज्युनिअर, कसं बोलणार?

एकटीने बोलायची वेळच येऊ नये अशी रचना करा. मिशिगनच्या आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनसाठी पाच गोष्टींची चेकलिस्ट आणली, हात धुणं, पेशंटवर पूर्ण ड्रेप (निर्जंतुक चादर), क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणं, मांडीतली जागा टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. यातलं काहीच नवीन नव्हतं. नवीन एवढंच की इमर्जन्सी नसेल आणि पायरी चुकली तर नर्सने प्रोसिजर थांबवायची, आणि वरिष्ठ तिच्या पाठीशी राहणार असं आधीच ठरलेलं. २००६ मध्ये त्यांनी निकाल छापले, हजार कॅथेटर-डेमागे (इथे कॅथेटर म्हणजे सेंट्रल लाइन) इन्फेक्शनचा मधला आकडा २.७ वरून ० वर आला. तर युनिटच्या हेडना आधी भेटा, त्यांच्याच सहीने चेकलिस्ट येऊ द्या, मग तुम्ही "सर, लिस्टमधलं दोन नंबर राहिलं" एवढंच म्हणायचं. फोनवर पेशंट सांगताना एसबीएआर वापरा, म्हणजे काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, काय हवंय. चौथा भाग आपण नेहमी गिळतो, "सर, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं" हे स्पष्ट म्हणा.

१३. स्टाफ वेलबीइंग म्हणून योगा आणि स्ट्रेसवर लेक्चर ठेवलं तर प्रोजेक्ट होतो का?

योगा चांगलाच आहे, पण ड्युटी संपल्यावर दोन तास थांबवून घेतलेलं लेक्चर हा अजून एक ताण आहे, आणि माणसाला खंबीर करण्याच्या कार्यक्रमांचा परिणाम छोटा आणि थोडे दिवस टिकणारा असतो असंच अभ्यासांत परत परत दिसतं. काम कसं लावलंय ते बदललं तर जास्त उपयोग होतो. काय काय करता येईल ते सांगते.

ड्युटी लिस्ट. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट असं पुढे सरकणारं रोटेशन शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपं जातं. इव्हिनिंग करून लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग हे आपल्याकडे सर्रास चालतं, युरोपात दोन कामांच्या मध्ये सलग ११ तास विश्रांतीचा नियम आहे, आपण निदान मोजू तरी शकतो की महिन्यात असे किती जोड लागले आणि इनचार्जबरोबर बसून ते कमी करू शकतो. यात पैसा लागत नाही. लहान मूल असलेल्या, लांबून लोकलने किंवा एसटीने येणाऱ्या स्टाफला स्वतःला इव्हिनिंग-मॉर्निंग जोड सोयीचा वाटत असेल तर विचारून ठरवा, सगळ्यांवर एकच नियम लादू नका.

सुईची इजा. हे वेलबीइंगमध्ये कुणी धरत नाही पण माझ्या मते पहिलं हेच धरावं. हिपॅटायटिस बीची लस नसेल आणि पेशंट पॉझिटिव्ह असेल तर सुई टोचून लागण व्हायचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो, एचआयव्हीचा साधारण ०.३ टक्के, आणि तरी आपण घाबरतो फक्त एचआयव्हीला. वॉर्डातल्या किती जणांचे तिन्ही डोस झालेत, टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) किती जणांनी बघितला (१० च्या वर हवा), यात मामा, मावशी आणि कॉन्ट्रॅक्टवाले पण मोजा. टोचल्यावर पीईपी (एचआयव्हीची लागण टाळायची औषधं) शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, मग रात्री २ वाजता औषध कुठल्या कपाटात आणि किल्ली कोणाकडे हे नाईटच्या प्रत्येकाला माहीत आहे का? हा एक प्रश्न घेऊन पूर्ण प्रोजेक्ट होतो.

आणि बसून जेवण. ड्युटीत बसून जेवायला मिळालं का, हो किंवा नाही, महिनाभर टिक करा.

१४. बर्नआउट मोजायला कुठला फॉर्म?

मास्लॅकची प्रश्नावली प्रसिद्ध आहे, २२ प्रश्नांची, पण तिला लायसन्सचे पैसे पडतात. कोपनहेगनची १९ प्रश्नांची फुकट वापरता येते. मराठीत करताना एकाने भाषांतर करा, दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करा, दोन्ही जुळवा, मग चार-पाच जणींना वाचायला देऊन कुठे अडखळतात बघा. नाव लिहायचं नाही हे तर आहेच, पण बारा जणांच्या वॉर्डात वय, अनुभव आणि लग्न झालंय का असं तिन्ही विचारलं की नाव न लिहिताही माणूस कळतो, तेव्हा तसलं विचारू नका. फॉर्म इनचार्जकडे जमा करायचे नाहीत, बंद पेटीत. आणि फॉर्मच्या खाली टेलीमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर छापा, तिथे मराठीत बोलता येतं, फुकट आहे. एखादीने फॉर्मवर "जगावंसं वाटत नाही" असं लिहिलं तर आपण काय करणार हे फॉर्म वाटायच्या आधी ठरलेलं पाहिजे, नंतर नाही.

१५. औषध देताना सतत कुणीतरी हाक मारतं. "डिस्टर्ब करू नका" असं जॅकेट घातलं तर?

सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांमध्ये २०१० मध्ये दाखवलं की औषध देताना प्रत्येक व्यत्ययामागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढतात, म्हणजे तुमची तक्रार अगदी खरी आहे. नंतर सिडनीतच जॅकेट घालून बघितलं, व्यत्यय कमी झाले, पण नर्सना ते गरम आणि गैरसोयीचं वाटलं आणि कायम घालायला निम्म्याहून कमीच तयार होत्या. आपल्या मे महिन्यात तर विचारच नको. त्यापेक्षा औषधाच्या वेळेला फोन आणि नातेवाइकांचे प्रश्न कोण घेणार हे एका माणसाला नेमून द्या, आणि औषधाची वेळ व राउंडची वेळ एकावर एक येत असेल तर युनिटशी बोलून अर्धा तास सरकवा.

१६. नातेवाइकांना यात घ्यायचं का? ते ऐकत नाहीत.

आपल्या वॉर्डात नातेवाईक चोवीस तास असतात, ही गोष्ट परदेशातल्या प्रोटोकॉलमध्ये नाही आणि आपली ताकद आहे. कांगारू मदर केअर (कमी वजनाचं बाळ आईच्या छातीला उघड्या त्वचेवर चिकटवून ठेवणं) बघा, १९७० च्या दशकाच्या शेवटी बोगोटामध्ये इनक्युबेटर कमी म्हणून सुरू झालं. २०२१ च्या डब्ल्यूएचओच्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल होतं, जन्मल्याबरोबर सुरू केलं तर १ ते १.८ किलोच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्के झाले. त्यासाठी आईला बाळाजवळ जागा लागते, खुर्ची लागते, आणि आई दमली की आजी किंवा बाबा. तुमच्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांचा कक्ष) बाळ रोज किती तास छातीवर असतं, एवढंच आधी मोजा.

फक्त एक, नर्सची कमी भरून काढायला नातेवाइकांवर काम ढकलायचं नाही. कूस बदलायला हात लावणं वेगळं, सक्शन करायला लावणं वेगळं.

१७. एथिक्स कमिटीची परवानगी लागते का? आम्हाला तर फक्त वॉर्ड सुधारायचाय.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइनमध्ये संस्थेतलं क्वालिटी ऑडिट हे रिव्ह्यूतून सूट मिळू शकते अशा प्रकारांत येतं, पण सूट कमिटी देते, आपण आपली घ्यायची नाही. तेव्हा एक पानाचं पत्र सुरुवातीलाच द्या. पुढे पोस्टर करायचंय, पेपर छापायचाय किंवा एमएस्सीचा थिसिस आहे, तर पूर्ण अर्ज, आणि तो सुरू व्हायच्या आधी, कारण झाल्यावर परवानगी मिळत नाही. दोन गट पाडून उपाय एकालाच देणार असाल तर ते ऑडिट राहिलंच नाही, रिसर्च झाला. स्टाफला प्रश्नावली देतानाही संमती लागते, आणि विद्यार्थिनींकडून त्यांच्याच ट्यूटरने फॉर्म भरून घेणं टाळा. जखमेचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकणं, चेहरा नसला तरी, नाही म्हणजे नाही.

१८. फरकच पडला नाही. आता अहवालात काय लिहू?

पडला नाही असंच लिहा. आधी ७ नंबरमधला "केलं का" वाला आकडा बघा, जर उपाय निम्म्यांनाच मिळाला असेल तर निष्कर्ष असा की आपल्या वॉर्डात हा उपाय या पद्धतीने पोचत नाही, आणि का पोचत नाही ते लिहिणं फार कामाचं आहे, शेजारच्या वॉर्डाची मेहनत वाचते. पीडीएसएचा अर्थच तो, ठरवा, छोटं करून बघा, अभ्यासा, बदला आणि परत. पहिला फेरा एका बेडवर, एका शिफ्टला करा. एकदम पूर्ण वॉर्डावर लावलं की फसल्यावर मागे येता येत नाही.

१९. पोस्टर झालं, सर्टिफिकेट मिळालं, आणि तीन महिन्यांत सगळं बंद. का?

कारण जास्तीचं काम म्हणून आलं होतं. नवीन फॉर्म, नवीन रजिस्टर, आणि जुनं काही कमी झालं नाही. माझा आग्रह असतो की एक काम वाढवलं तर एक काढा, ५ नंबरमध्ये पाठ चोळणं काढलं तसं. दुसरं, प्रोजेक्ट एका हौशी सिस्टरवर उभा असतो आणि तिची बदली होते. म्हणून दोघी हव्यात, वेगवेगळ्या शिफ्टच्या, आणि नवीन स्टाफ रुजू झाल्यावर त्याला सांगायच्या गोष्टींमध्ये हे लिहिलेलं हवं. एनएबीएच (हॉस्पिटलचं दर्जा-प्रमाणपत्र) किंवा लक्ष्यसाठी (बाळंतपणाच्या सेवेचा सरकारी दर्जा-कार्यक्रम) हॉस्पिटल जे इंडिकेटर आधीच भरतंय त्यातच तुमचा आकडा बसवा, म्हणजे तो कुणालातरी दर महिन्याला लागतो.

२०. मी सबसेंटरला आहे, वॉर्डच नाही. माझ्यासाठी काही?

भरपूर. गडचिरोलीत सर्च या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यांना आरोग्यदूत म्हणतात, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं ते, पुढे आशांच्या घरभेटी त्याच धर्तीवर देशभर सुरू झाल्या. तिथे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिला जात होता, त्याशिवाय हे कळलंच नसतं. तुम्ही घरभेटीत बाळाचं वजन खरंच करून लिहिलंय की विचारून लिहिलंय, एवढ्यापासून सुरू करा.

२१. प्रोजेक्टवर नाव कोणाचं टाकायचं?

ज्यांनी काम केलं त्यांचं, आणि हे पहिल्या मीटिंगला कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नाईटला बसून आकडे भरणारी सिस्टर आणि कूस बदलायला रोज हात लावणाऱ्या मावशी, यांची नावं पोस्टरवर हवीत, मावशींचं लेखकांत बसत नसेल तर आभारात पूर्ण नावानिशी. गाइड आणि वरिष्ठांनी खरंच मदत केली असेल तर त्यांचंही. नुसती सही दिली म्हणून पहिलं नाव असा आग्रह झाला तर तो सह्यांचा कागद पुढे करा, तेवढ्यासाठीच तो आधी करायचा.